शिष्यवृत्ती मिळते, पण वेळेवर मिळत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, रेशन कार्ड ही कामं बारा महिने असतातच, पण जून ते डिसेंबर माझ्याकडं निम्म्याहून जास्त गर्दी कॉलेजच्या लेकरांची असते, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाचं डोमिसाईल, कुणाचा महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा, फॉर्म सेंड बॅक म्हणजे दुरुस्तीसाठी परत आलेला. पेपर मी रोज वाचतो आणि ॲडमिशनच्या दिवसात त्यात 'मुलींना उच्च शिक्षण मोफत', 'शिष्यवृत्तीसाठी अर्ज सुरू' अशा बातम्या असतात, त्या खऱ्याच असतात, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे आणि ती कुणी फारशी लिहीत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. गरिबाच्या लेकराला पैसा किती मिळतो यापेक्षा तो कधी मिळतो हा प्रश्न मोठा आहे. ऑगस्टमध्ये लागणारे पंधरा हजार मार्चमध्ये आले तर ते मधल्या सात-आठ महिन्यांत कुणीतरी दुसऱ्यानं दिलेले असतात, आणि तो दुसरा बहुतेक वेळा सावकार नाहीतर ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम असतो.

आधी हे सांगतो की आपल्या राज्यात योजना कमी नाहीत. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, खुल्या प्रवर्गातल्या गरीब मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे जिला सगळे अजून ईबीसीच म्हणतात, शेतकरी आणि मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आहे, ज्यात मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या गावी ४३ हजार अशी तरतूद केलेली आहे, आदिवासी मुलांना स्वयम् आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आणि जुलै २०२४ मध्ये सरकारनं जीआर काढला की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन मिळाली तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, जे आधी पन्नास टक्के होतं. हा फार मोठा निर्णय आहे. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी पोरी त्याच्यामुळं बी.फार्मसी आणि इंजिनिअरिंगला गेल्यात ज्या आधी गावच्या कॉलेजात बी.ए. करून थांबल्या असत्या.

पण हे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क एवढंच आहे. डेव्हलपमेंट फी, कॉलेजच्या इतर फिया, हॉस्टेलचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, ॲप्रन, ड्रॉइंगचं सामान, एसटीचा पास हे सगळं बाहेरच राहतं. मोफत म्हणून ऐकून आलेली आई कॉलेजच्या काउंटरवर उभी राहते आणि तिच्या हातात वीस-बावीस हजारांची पावती येते, तेव्हा ती मला फोन करून विचारते की भाऊ हे तर फुकट होतं ना. मी काय सांगणार.

आता तारखांचं बघा. ॲडमिशन जुलै-ऑगस्टला होते, पोर्टलवरचे अर्ज त्याच्यानंतर सुरू होतात, मुदत एकदा वाढते, दुसऱ्यांदा वाढते. मग कॉलेजचं लॉगिन, मग जिल्ह्याचं कार्यालय, मग निधी. यात कुठंही एका कागदाचा स्कॅन पुसट निघाला की फॉर्म सेंड बॅक येतो आणि पोरगं परत रांगेच्या शेवटी. पहिला हप्ता त्याच वर्षात आला तर नशीब समजायचं, कित्येकांचा पुढच्या वर्षी येतो आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचा तर कॉलेज सोडून गेल्यावर. तोवर कॉलेज म्हणतं, आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून ॲडमिशनच्या वेळी माफ असलेली फी घेऊ नका अशी शासनाची परिपत्रकं आहेत, एकदा नाही अनेकदा निघालीत, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला यूजीसीनं २०१८ साली स्पष्ट मनाई केलीये, पण काउंटरवरच्या क्लार्कपुढं परिपत्रकाचा नंबर सांगायची हिंमत अठरा वर्षांच्या पोरीत कुठून येणार, आणि तिच्या बापात तर त्याहून नाही. कॉलेजचीही एक बाजू आहे, ती लपवत नाही. विनाअनुदानित कॉलेजला सरकारकडून फीचे पैसे उशिरा येतात, तोवर त्यांनाही मास्तरांचे पगार करायचे असतात. म्हणजे उशीर होतो वर आणि भरतं सगळ्यात खालचं माणूस.

आमच्या भागातली एक अडचण पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लक्षात येणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेल्या दिवाळीनंतर नर्सिंगला असलेली एक पोरगी माझ्याकडं आली. तिचा फॉर्म सेंड बॅक आलेला, दुरुस्तीचे शेवटचे दोन-तीन दिवस राहिलेले. लॉगिन करायला आधारचा ओटीपी पाहिजे आणि तिच्या आधारला नंबर जोडलेला बापाचा, कारण आधार काढलं तेव्हा ती लहान होती आणि घरात एकच फोन होता. बाप गेलेला ऊसतोडीला, कोल्हापूरकडं एका कारखान्याच्या हद्दीत. दिवसभर फडात, फोन खोपीवर चार्जिंग नसलेला. संध्याकाळी सात वाजता फोन लागला, मी ओटीपी पाठवला, बापाला वाचता येत नाही, त्यानं शेजारच्या खोपीतल्या पोराला बोलावलं, पोरानं आकडे वाचून दाखवेपर्यंत वेळ संपली. परत पाठवला तर साईट लोड होईना. असं चार-पाचदा झालं आणि रात्री साडेनऊला कुठं फॉर्म पुढं सरकला, तोवर ती माझ्या केंद्रात बसून होती आणि तिची आजी बाहेर ओट्यावर. आधारला स्वतःचा नंबर जोडून घे म्हणून मी तिला सांगितलं, तर त्यासाठी आधार सेंटरला जायचं आणि तिथली गर्दी. मग बँक खातं एनपीसीआयला मॅप झालेलं, म्हणजे सरकारी पैसा यावा म्हणून आधारशी जोडलेलं, आहे का ते बघायचं, नसेल तर आलेला पैसा खात्यात पडतच नाही आणि पोरगी समजते की योजनाच बंद झाली. यात तिची एक पैचीही चूक नाही.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून अजून एक बदल झालाय. त्याच्या आदल्या डिसेंबरात केंद्रानं केंद्र-राज्य वाटा ६०:४० ठरवला आणि पाच वर्षांसाठी ५९ हजार ४८ कोटींची योजना मंजूर केली, ते चांगलंच झालं. पण केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यानं त्यातली फी सात दिवसात कॉलेजला भरायची असते. हेतू चांगला आहे, मधल्या मध्ये पैसा खाल्ला जाऊ नये हा, आणि तसे घोटाळे आपल्या राज्यात झालेत हेही खरंय. पण ज्या घरात आठ महिन्यांची उधारी तुंबलीये त्या घरात खात्यावर एकदम तीस हजार आले की काय होतं ते घरच्यांना बेजबाबदार म्हणायच्या आधी समजून घ्या. किराणा दुकानदार दारात, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबलेलं. तो पैसा वेळेवर, म्हणजे फी भरायच्या दिवशी आला असता तर तो फीलाच गेला असता.

मधला काळ लेकरं कशी काढतात ते आकड्यात सांगतो. आमच्याकडं खासगी सावकाराचा भाव शेकड्याला महिना पाच रुपये चालतो, ओळखीत असेल तर तीन. ऑगस्टमध्ये पंधरा हजार उचलले तर महिन्याला साडेसातशे व्याज, मार्चपर्यंत धरा सात महिने, झाले सव्वापाच हजार, म्हणजे शिष्यवृत्तीतला तिसरा हिस्सा लेकराच्या हातात पडायच्या आधीच सावकाराचा. दुसरा रस्ता मुकादमाचा, एका कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीची, जेवढी उचल (आगाऊ रक्कम) ठरलीये त्यावर अजून वीस हजार मागून घ्यायचे आणि पुढच्या सीझनचं अंग गहाण टाकायचं. तिसरा बचत गट, तो त्यातल्या त्यात बरा, पण गटाचं लोन आईच्या नावावर आधीच चालू असतं. आणि चौथा म्हणजे पोरगी घरी बसते. आमच्या जिल्ह्यात घरी बसलेल्या पोरीचं पुढच्या उन्हाळ्यात काय होतं हे सांगायची गरज नाही, पंगतीत आपण सगळेच जेवलेलो असतो.

यावर शहरातले लोक पटकन म्हणतात की एज्युकेशन लोन घ्या ना. लोनबद्दल मला मनापासून सांगायचंय की ती वाईट गोष्ट नाही आणि सावकारापेक्षा हजारपट बरी आहे, फक्त आपल्या लोकांना नियम माहीत नसतात आणि शाखेत कुणी सांगत नाही. बँकांच्या मॉडेल स्कीमप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून पुरतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून सरकारची क्रेडिट गॅरंटी आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी. हप्ते कोर्स संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होतात आणि फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. घराचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत टेक्निकल किंवा प्रोफेशनल कोर्स असेल तर शिकत असतानाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, ही सवलत २००९ पासून आहे आणि आजही माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं. ज्यांना ती लागू नाही त्यांनी शिकत असताना जमेल तसं नुसतं व्याज भरत गेलं तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात, हे पण विचारून घ्या.

पण प्रत्यक्षात काय ऐकायला मिळतं? तुमचं गाव आमच्या सर्व्हिस एरियात नाही. सातबारा आणा. वडिलांचं पीककर्ज थकलंय, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब आहे. साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. सर्व्हिस एरियाच्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कधीच सांगितलेलं आहे. पीककर्जाचं तर विशेष वाईट वाटतं, दुष्काळात किंवा पुरात बापाचं पीक गेलं, त्यात कर्ज थकलं, आणि त्याची शिक्षा लेकराच्या कॉलेजला. मी लेकरांना एकच सांगतो की तोंडी नाही ऐकून परत येऊ नका, विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाका, त्याचा नंबर घ्या आणि नाकारलं तर कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर शाखेतलं बोलणं बदलतं हे मी बघितलंय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली. त्यात विनातारण, विनाजामीन कर्ज आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. योजना उत्तम. पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, सुरुवातीला ८६०, रँकिंगमध्ये वर असलेल्या. आमच्या तालुक्यातलं फार्मसी कॉलेज किंवा शेजारच्या तालुक्यातलं नर्सिंग कॉलेज त्या यादीत कुठून येणार? जे लेकरू आयआयटीला पोचलं त्याला बँका तशाही कर्ज देतात. अडलेलं असतं ते इथलं, साध्या कॉलेजातलं, ज्याला दहा लाख नकोत, चाळीस हजार पाहिजेत आणि आत्ता पाहिजेत.

मधेच पैसा थांबला तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेबांना सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, त्यावर ते कोलंबियाला गेले. पुढं लंडनला शिक्षण चालू असताना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून उसने घेतले, तेव्हा १९२० साली परत जाता आलं. जिथं एवढ्या बुद्धीच्या माणसाची तीन वर्षं पैशापायी गेली तिथं आमच्या गावातल्या लेकराचं एक सेमिस्टर गेलं तर ते परत उभं राहील याची कोण खात्री देणार. आणि कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. त्या दिवशी पोरांना त्या दिवशीच जेवायला लागणार होतं हे त्या माउलीला कळत होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजात एक तातडीचा निधी पाहिजे, मग ते अनुदानित असो, विनाअनुदानित असो. काही जुन्या कॉलेजांत गरीब विद्यार्थी सहाय्य निधी नावाचं काहीतरी असतं, पण ते वर्षाअखेरीस कार्यक्रमात पाचशे-हजाराच्या चेकचं वाटप करून फोटो काढण्यापुरतं राहिलंय. मला म्हणायचंय तो निधी असा, की परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख आहे, मेस बंद झालीये, बाप वारला, घरात पाणी शिरून पुस्तकं-कागदपत्रं गेली, अशा वेळी लेकरानं एका पानाचा अर्ज करावा आणि तीन दिवसात पाच-दहा हजार थेट कॉलेजच्या किंवा मेसच्या खात्यात जमा व्हावेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जात पडताळणी हे सगळं ॲडमिशनला दिलेलं असतंच, ते परत मागू नये. अर्ज चार लोकांपुढं वाचून दाखवू नये, यादी नोटीस बोर्डावर लावू नये. एक मास्तर, एक मॅडम आणि ऑफिसमधला एक माणूस यांनी ठरवावं आणि तिथंच संपवावं. मुलींना तर मॅडमकडंच बोलता आलं पाहिजे, कारण अडचण काय आहे हे त्या पुरुष क्लार्कपुढं सांगत नाहीत, गप्प राहतात आणि कॉलेजला यायचं बंद करतात.

पैसा कुठून येणार हे मला विचारणारच. एक तर ज्याची शिष्यवृत्ती मंजूर व्हायची आहे त्याला दिलेली रक्कम ही उसनवारी आहे, शिष्यवृत्ती आली की ती निधीत परत येते, म्हणजे तोच पैसा दरवर्षी फिरत राहतो. ही कल्पना काही माझी नाही, जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच होता, घेणाऱ्यानं फेडायचं आणि त्यातून पुढच्याला मिळायचं, आणि तो आजही चालू आहे. दुसरं म्हणजे माजी विद्यार्थी. आमच्या तालुक्यातून शिकून पुण्याला हिंजवडीत, दुबईत, अमेरिकेत गेलेली पोरं आहेत, ती गावाच्या सप्ताहाला, मंदिराच्या कळसाला पैसे पाठवतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण कॉलेजनं कधी त्यांना विचारलेलंच नाही. तिसरं सरकार. जिल्हा नियोजनातून एका कॉलेजला पाच लाख दिले तरी एका वेळी पन्नास लेकरं तरतात.

आणि दुष्काळ किंवा पूर जाहीर झाला की सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्क माफी हमखास असते, २०१८ ला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हाही होती. पण बऱ्याच ठिकाणी आधी फी भरून घेतात आणि नंतर खात्यावर परत देऊ म्हणतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या मराठवाड्यात शेतं खरवडून गेली, काही ठिकाणी माती राहिली नाही, त्या घरांना फी आधी भरा म्हणणं म्हणजे माफी न देण्यासारखंच आहे. माफी असेल तर फॉर्म भरतानाच शून्य दिसलं पाहिजे, एवढी दुरुस्ती विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला कुठल्या कॅबिनेटची गरज नाही.

तुमच्या पेपरकडून एक अपेक्षा आहे. निकालाच्या दिवसात तुम्ही करिअरची पुरवणी काढता, त्यात कॉलेजांच्या जाहिराती भरपूर असतात. त्यातलं एक पान यासाठी द्या. कुठली योजना कुणाला, कुठले कागद, आधारला स्वतःचा नंबर आणि बँक खातं कसं जोडायचं, कर्ज नाकारलं तर कुणाकडं जायचं, कॉलेज माफ असलेली फी मागत असेल तर कुठल्या कार्यालयात अर्ज द्यायचा. आणि ते पान जूनच्या पहिल्या आठवड्यात काढा, कारण ऊसतोडीला जाणारी माणसं तेव्हा गावात असतात, त्यांच्या सह्या आणि अंगठे तेव्हाच मिळतात. दिवाळीनंतर काढलं तर आमच्या गल्लीत ते वाचायला म्हाताऱ्यांशिवाय कुणी सापडणार नाही. तुम्ही छापलंत तर मी त्याच्या झेरॉक्स काढून केंद्राच्या भिंतीवर लावतो आणि आजूबाजूच्या केंद्रवाल्यांनाही देतो.

आपला नियमित वाचक,
एक महा ई-सेवा केंद्रचालक, जि. बीड